राज्यव्यवस्था आणि सामान्य विज्ञान: पूर्वपरीक्षेचा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा आणि गुण कुठे गळतात

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. अलीकडच्या बऱ्याच पेपरांत राज्यव्यवस्थेवर साधारण १५ आणि सामान्य विज्ञानावर साधारण २० प्रश्न आले, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा पेपर या दोनच विषयांचा. पहिली उत्तरतालिका लागली की हळहळही याच दोन विषयांवर होते: "हे तर वाचलं होतं." वाचलेले असतेच. पण महान्यायवादी (केंद्राचे कायदा अधिकारी) आणि महाधिवक्ता (राज्याचे), पितळ आणि कांसे, हिवताप आणि हत्तीरोग अशा जोड्यांमध्ये ऐन वेळी गल्लत होते. प्रश्न काढणाऱ्याला ही गल्लत पक्की ठाऊक असते, म्हणून चुकीचा पर्याय नेहमी जोडीतल्या दुसऱ्या गोष्टीचा असतो. त्यामुळे या विषयांचा अभ्यास पहिल्या दिवसापासून जोड्यांनीच करायचा. पुढचे सगळे टप्पे त्यासाठी आहेत.

सुरुवातीची जुळवाजुळव

टेबलावर एवढेच हवे:

- आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या मागच्या पाच ते सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या अंतिम उत्तरतालिका.
- अधिकृत अभ्यासक्रमाचे छापलेले पान.
- राज्य मंडळाची इयत्ता सहावी ते दहावीची विज्ञानाची आणि नागरिकशास्त्राची पाठ्यपुस्तके.
- राज्यव्यवस्थेचे कोणतेही एक संदर्भपुस्तक आणि शासनाने प्रसिद्ध केलेली संविधानाची मराठी प्रत.
- दोन जाड वह्या. एक तक्त्यांची, दुसरी चुकांची.

संदर्भपुस्तके दोन घेतलीत की त्यांतला फरक शोधण्यात वेळ जातो. एखाद्या कलमाबद्दल शंका आली तर थेट संविधानाची प्रत उघडा; तिथे वाद संपतो.

सावधान: पहिली उत्तरतालिका आणि अंतिम उत्तरतालिका यांत फरक असतो. हरकती आल्यानंतर काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. खाजगी प्रश्नसंचांमध्ये अनेकदा पहिल्याच तालिकेची उत्तरे छापलेली असतात, आणि चुकीचे उत्तर एकदा पाठ झाले की ते पुसणे फार अवघड जाते.

## टप्पा १: पुस्तकाआधी प्रश्नपत्रिका

पहिले चार-पाच दिवस पुस्तक उघडू नका. पाच वर्षांचे पेपर घ्या, राज्यव्यवस्थेच्या प्रश्नांवर एका रंगाची आणि विज्ञानाच्या प्रश्नांवर दुसऱ्या रंगाची खूण करा. सोडवायचे नाहीत, फक्त वर्गवारी करायची. प्रत्येक प्रश्नाशेजारी दोन गोष्टी लिहा: घटक कोणता आणि प्रश्नाचा साचा कोणता. साचे चारच असतात: थेट माहिती, जोड्या लावा, विधाने तपासा, आणि विधान-कारण.

ही वर्गवारी झाली की एक गोष्ट आपोआप कळते. राज्यसेवा आणि संयुक्त (गट ब व क पदांच्या) पूर्वपरीक्षेतले विज्ञान बरेचसे शालेय पाठ्यपुस्तकांच्या अंगाने जाते: प्रकाश, विद्युत, आम्ल-आम्लारी, पेशी, रोग, जीवनसत्त्वे. संघ (केंद्रीय) लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतले विज्ञान मात्र तंत्रज्ञान आणि चालू घडामोडींकडे झुकते. दोन्ही परीक्षा एकाच वहीवर देणाऱ्यांचे नुकसान इथेच होते. तुमची परीक्षा कोणती, हे आधी ठरवा आणि मग वेळ वाटा.

तपासा: वर्गवारी संपल्यावर वारंवार आलेले घटक एका कागदावर उतरले का? तो कागद वहीच्या आतल्या पानावर चिकटवा. पुढे प्रत्येक प्रकरण वाचायला घेताना त्याच्याकडे पाहायचे आहे.

## टप्पा २: राज्यव्यवस्थेचा सांगाडा

संविधान पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत पाठ करण्याचा खटाटोप दर वर्षी हजारो जण करतात आणि साठाव्या कलमाच्या आसपास सोडून देतात. आधी फक्त पट्टे लक्षात ठेवा: मूलभूत हक्क १२ ते ३५, मार्गदर्शक तत्त्वे ३६ ते ५१, मूलभूत कर्तव्ये ५१क, केंद्र ५२ पासून, राज्ये १५२ पासून, पंचायती २४३ पासून, नगरपालिका २४३त पासून, वित्त आयोग २८०, लोकसेवा आयोग ३१५, निवडणूक आयोग ३२४, आणीबाणी ३५२ ते ३६०, घटनादुरुस्ती ३६८.

पट्टे बसले की केंद्र आणि राज्य यांची कलमे समोरासमोर लिहा. राष्ट्रपतींचा क्षमादानाचा अधिकार ७२, राज्यपालांचा १६१. राष्ट्रपतींचा अध्यादेश १२३, राज्यपालांचा २१३. महान्यायवादी ७६, महाधिवक्ता १६५. संसदेचे धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चाचे विधेयक) ११०, विधिमंडळाचे १९९. प्राधिलेखांसाठी (हक्क राखण्यासाठी न्यायालय काढते ते आदेश) सर्वोच्च न्यायालय ३२, उच्च न्यायालय २२६. अशा बारा-पंधरा जोड्या झाल्या की कलमांवरचे बहुतेक थेट प्रश्न हाताशी येतात.

मूलभूत हक्कांत एक जागा नेमकी विचारली जाते: कोणते हक्क फक्त भारतीय नागरिकांना आहेत? १५, १६, १९, २९ आणि ३०. बाकीचे, म्हणजे १४, २०, २१, २१क, २२ आणि २३ ते २८, भारतात असलेल्या परकीय व्यक्तींनाही मिळतात (शत्रुराष्ट्राच्या नागरिकांबाबत वेगळे नियम आहेत). पाच आकडे पाठ करा, उरलेले आपोआप कळतील.

घटनादुरुस्त्यांची यादीही आवरती ठेवा. ४२वी (१९७६), ४४वी (१९७८), पक्षांतरबंदीची ५२वी (१९८५), मतदानाचे वय २१ वरून १८ करणारी ६१वी, पंचायतींची ७३वी आणि नगरपालिकांची ७४वी, शिक्षणहक्काची ८६वी (२००२), वस्तू व सेवा कराची १०१वी, आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाची १०३वी, महिला आरक्षणाची १०६वी (२०२३). ७३वी आणि ७४वी या दोन्ही १९९२ च्या, पण अंमल १९९३ मध्ये: ७३वी २४ एप्रिलपासून, ७४वी १ जूनपासून. "संमत" आणि "अंमलात" यांतला फरक प्रश्नात हमखास असतो, म्हणून वहीत दोन वेगळे रकाने करा.

## टप्पा ३: पदांचा तक्ता

राज्यव्यवस्थेतले सगळ्यात जास्त गुण या एका तक्त्यात आहेत, आणि सगळ्यात कमी लोक तो स्वतःच्या हाताने काढतात. छापील तक्ता कापून चिकटवला तर उपयोग नाही. डोळा त्याच्यावरून घसरत जातो.

वहीचे दुहेरी पान आडवे धरा आणि सहा रकाने आखा: पद, कलम, नियुक्ती कोण करते, मुदत किंवा वयोमर्यादा, राजीनामा कोणाकडे, पदावरून कोण आणि कसे दूर करते. आता ओळी भरा, पण या क्रमाने:

1. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल.
2. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश.
3. नियंत्रक व महालेखापरीक्षक, मुख्य निवडणूक आयुक्त, राज्य निवडणूक आयुक्त.
4. संघ आणि राज्य लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष.
5. महान्यायवादी, महाधिवक्ता.
6. सरपंच, पंचायत समितीचे सभापती, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष.

भरताना जिथे नियुक्ती करणारा आणि दूर करणारा वेगळा निघतो, तिथे लाल पेनाने गोल करा. प्रश्न तिथेच असतो. राज्य लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांची नियुक्ती राज्यपाल करतात, पण त्यांना दूर करण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा. चौकशी चालू असताना निलंबन तेवढे राज्यपाल करू शकतात. राज्य निवडणूक आयुक्तांची नियुक्ती राज्यपाल करतात, पण त्यांना उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच आणि त्याच कारणांवरून दूर करता येते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांना दूर करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखी. राज्यपालांच्या रकान्यात मात्र पद्धत नाहीच. ते राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. महान्यायवादींचेही तसेच, आणि त्यांना ठरावीक मुदत नाही.

वयाच्या रकान्यातला गोंधळ दोन आकड्यांचा आहे. सर्वोच्च न्यायालय ६५, उच्च न्यायालय ६२. संघ लोकसेवा आयोग सहा वर्षे किंवा ६५, राज्य लोकसेवा आयोग सहा वर्षे किंवा ६२. केंद्रातल्या पदाला ६५ आणि राज्यातल्या पदाला ६२, एवढे धरले तरी चारही जागा बरोबर येतात.

राजीनाम्याचा रकाना लहान वाटतो, पण स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये तो गुण देऊन जातो. महाराष्ट्रात उपसरपंच सरपंचाकडे, सरपंच पंचायत समितीच्या सभापतीकडे, सभापती जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे आणि अध्यक्ष विभागीय आयुक्तांकडे राजीनामा देतात. ही शिडी एका दमात म्हणता आली पाहिजे.

शेवटच्या रकान्यात तीन पद्धती एकमेकींत मिसळतात, म्हणून त्या शेजारी-शेजारी लिहा. राष्ट्रपतींवरचा महाभियोग कोणत्याही सभागृहात सुरू होतो. त्या सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमत लागते. न्यायाधीशाला दूर करण्याच्या प्रस्तावावर लोकसभेचे किमान १०० किंवा राज्यसभेचे किमान ५० सदस्य सही करतात. उपराष्ट्रपतींना दूर करण्याचा ठराव फक्त राज्यसभेतच सुरू होतो, तिथे तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताने संमत होतो आणि लोकसभा त्याला सहमती देते.

सावधान: निवडणूक आणि महाभियोग यांतले मतदार वेगळे आहेत. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत फक्त निवडून आलेले खासदार आणि आमदार मत देतात. विधान परिषदेचे सदस्य नाहीत, नामनिर्देशित सदस्यही नाहीत. महाभियोगात संसदेचे नामनिर्देशित सदस्य भाग घेतात, पण विधानसभांचा संबंधच येत नाही. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेचे सगळे सदस्य येतात, नामनिर्देशितांसह.

तपासा: वही मिटून कोऱ्या कागदावर तक्ता पुन्हा काढा. दोन दिवसांत नव्वद टक्के रकाने भरता आले तरच पुढच्या टप्प्याला हात घाला.

## टप्पा ४: महाराष्ट्राचे आकडे

लोकसभा ४८, राज्यसभा १९, विधानसभा २८८, विधान परिषद ७८. हे चार आकडे सगळ्यांना येतात. अडते ते विधान परिषदेच्या रचनेत, आणि अडण्याचे कारण गमतीशीर आहे: विद्यार्थी फार हुशारीने गणित करतात.

कलम १७१ प्रमाणे साधारण एक तृतीयांश सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, एक बारांश पदवीधरांकडून, एक बारांश शिक्षकांकडून, एक तृतीयांश विधानसभा सदस्यांकडून आणि उरलेले राज्यपालांकडून येतात. ७८ ला हे अपूर्णांक लावले तर २६, साडेसहा, साडेसहा, २६ आणि १३ असे आकडे येतात. प्रत्यक्षात महाराष्ट्रात स्थानिक संस्था २२, पदवीधर ७, शिक्षक ७, विधानसभा सदस्य ३० आणि राज्यपालनियुक्त १२ आहेत. कलमात "शक्य तितके जवळचे" प्रमाण सांगितलेले आहे, म्हणून फरक पडतो. प्रश्न संविधानातल्या तरतुदीचा असेल तर अपूर्णांक लिहा, महाराष्ट्राचा असेल तर प्रत्यक्ष आकडे. दोन्ही एकाच ओळीत वहीत ठेवा.

परिषदेबद्दल आणखी चार गोष्टी लागतात. सदस्यसंख्या विधानसभेच्या एक तृतीयांशाहून जास्त नको आणि ४० हून कमी नको. धनविधेयक ती १४ दिवसच अडवू शकते. साधे विधेयक पहिल्या वेळी तीन महिने, दुसऱ्या वेळी एक महिना. आणि राज्यात संयुक्त बैठकीची तरतूद नाही. कलम १०८ फक्त संसदेसाठी आहे.

पंचायतराजमध्ये समित्या क्रमाने लावून ठेवा: केंद्राची बलवंतराय मेहता समिती १९५७, राज्यातल्या वसंतराव नाईक १९६०, बोंगीरवार १९७०, बाबुराव काळे १९८०, पी. बी. पाटील १९८४. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा, अंमल १ मे १९६२ पासून. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य. अकराव्या अनुसूचीत (पंचायती) २९ विषय, बाराव्या अनुसूचीत (नगरपालिका) १८. हे दोन आकडे उलटे लिहिणारे प्रत्येक वर्गात सापडतात.

## टप्पा ५: विज्ञान, भौतिकपासून सुरुवात

कला शाखेचे विद्यार्थी जीवशास्त्रापासून सुरुवात करतात, कारण ते ओळखीचे वाटते. क्रम उलटा ठेवा. भौतिकशास्त्र समजून घ्यायला वेळ लागतो, ते डोके ताजे असताना व्हावे. जीवशास्त्र पाठांतराचे आहे, ते परीक्षेजवळ आले तरी चालते.

भौतिक. प्रत्येक राशीसाठी एक ओळ: राशी, एकक, सूत्र. मग त्यातले फसवे एकक वेगळे काढा. किलोवॅट-तास हे ऊर्जेचे एकक आहे, शक्तीचे नाही. प्रकाशवर्ष अंतराचे. डायॉप्टर भिंगाच्या शक्तीचे. ६० वॅटचा दिवा रोज पाच तास, तीस दिवस चालला तर ९,००० वॅट-तास, म्हणजे ९ युनिट. असे दोन ओळींचे गणित दर आठवड्याला दहा तरी करा. परीक्षेत यापेक्षा अवघड सहसा येत नाही.

भिंगांचा प्रश्न कसा सोडवायचा ते पाहा. "एका व्यक्तीच्या चष्म्याच्या भिंगाची शक्ती उणे २.५ डायॉप्टर आहे, तर दोष कोणता आणि नाभीय अंतर किती?" शक्ती म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त. १ भागिले २.५ म्हणजे ०.४ मीटर, म्हणजेच ४० सेंटीमीटर. चिन्ह उणे, म्हणून भिंग अंतर्गोल. अंतर्गोल भिंग निकटदृष्टितेसाठी. इथे चूक होते ती नाभीय अंतर सेंटीमीटरमध्येच सूत्रात टाकल्याने. आकडा शंभरपटींनी बिघडतो, आणि तो बिघडलेला आकडाही पर्यायांत असू शकतो.

रसायन. सगळी अभिक्रिया-समीकरणे पाठ करू नका. धातू-अधातूंचे गुणधर्म, आम्ल-आम्लारी-क्षार, संमिश्रे, कार्बनची अपरूपे, नेहमीच्या वापरातली संयुगे, एवढ्यावर बहुतेक प्रश्न येतात. जोड्या इथेही लावा: पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कांसे म्हणजे तांबे आणि कथील. धुण्याचा सोडा सोडिअम कार्बोनेट, खाण्याचा सोडा सोडिअम बायकार्बोनेट. सीएनजीत मुख्यतः मिथेन, एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन.

सामूच्या (pH, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी याच्या) मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. सामू ४ असलेले द्रावण सामू ६ च्या द्रावणापेक्षा शंभरपट आम्लधर्मी असते. "दीडपट" आणि "दुप्पट" हे पर्याय याच चुकीसाठी ठेवलेले असतात.

"सर्वाधिक" हा शब्द दिसला की पेन थांबवा आणि "कशात?" ते वाचा. वातावरणात सर्वाधिक नायट्रोजन, भूकवचात ऑक्सिजन, भूकवचातल्या धातूंमध्ये अॅल्युमिनिअम, विश्वात हायड्रोजन, मानवी शरीरात वस्तुमानाने ऑक्सिजन. जीवशास्त्रातही तीच गत: शरीरातली सर्वात मोठी ग्रंथी यकृत, पण सर्वात मोठी अंतःस्रावी ग्रंथी अवटू (थायरॉइड), आणि सर्वात मोठे इंद्रिय त्वचा.

जीवशास्त्र. रोगांचा तक्ता चार रकान्यांचा: रोग, कारक, वाहक, बाधित अवयव. कारक आणि वाहक यांची सरमिसळ हीच मुख्य चूक. डास चावतो म्हणून हिवताप, डेंग्यू आणि हत्तीरोग एकाच खणात टाकले जातात. हिवतापाचा कारक आदिजीव (एकपेशीय सूक्ष्मजीव) आणि वाहक अॅनॉफिलिसची मादी. डेंग्यूचा कारक विषाणू आणि वाहक एडिस. हत्तीरोगाचा कारक कृमी आणि वाहक क्युलेक्स. काला आजार आदिजीवामुळे होतो, पण वाहक वाळूमाशी. क्षय, पटकी, विषमज्वर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात हे जिवाणूंचे. गोवर, गालगुंड, कांजिण्या, रेबीज, पोलिओ विषाणूंचे.

जीवनसत्त्वांत आधी विद्राव्यता लिहा: अ, ड, ई, के मेदात, ब-समूह आणि क पाण्यात. मग रासायनिक नाव आणि अभावाचा रोग: अ रेटिनॉल, रातांधळेपणा; ब१ थायमिन, बेरीबेरी; ब३ नायसिन, पेलाग्रा; क अॅस्कॉर्बिक आम्ल, स्कर्व्ही; ड कॅल्सिफेरॉल, मुडदूस. अपवाद स्वतंत्र पानावर. धमन्या ऑक्सिजनयुक्त रक्त वाहतात, अपवाद फुप्फुस धमनी. अशी वीस-पंचवीस अपवादांची यादी झाली की तेवढेच पान परीक्षेच्या आदल्या दिवशी पुरते.

सावधान: विज्ञानासाठी हिंदी व्हिडिओ पाहत असाल तर संज्ञा राज्य मंडळाच्या पुस्तकाशी ताडून घ्या. हिंदीत "विकिरण" म्हणजे प्रारण (radiation), आपल्या पाठ्यपुस्तकात विकिरण म्हणजे आकाश निळे दिसण्यामागची क्रिया. पेपरात मराठी शब्द अनोळखी वाटला तर शेजारचा इंग्रजी मजकूर पाहायला विसरू नका.

## टप्पा ६: संस्था, जिथे दोन्ही विषय भेटतात

आयोग, मंडळे आणि संशोधन संस्था दोन्हीकडून विचारल्या जातात, म्हणून त्या एकदाच नीट करा. प्रत्येक संस्थेपुढे एकच शब्द लिहायचा: घटनात्मक, वैधानिक किंवा ठरावाने स्थापन. निवडणूक आयोग, वित्त आयोग, लोकसेवा आयोग, जीएसटी परिषद घटनात्मक. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, केंद्रीय माहिती आयोग, राष्ट्रीय महिला आयोग, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ वैधानिक. नीती आयोग १ जानेवारी २०१५ रोजी मंत्रिमंडळाच्या ठरावाने आला; तो घटनात्मकही नाही आणि वैधानिकही नाही. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला जुनी पुस्तके वैधानिक म्हणतात. १०२व्या घटनादुरुस्तीनंतर तो घटनात्मक झाला आहे.

मग मंत्रालय. हवामान विभाग भू-विज्ञान मंत्रालयाखाली येतो, विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाखाली नाही. डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था) संरक्षण मंत्रालयाखाली. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्याकडे, आयसीएआर (कृषी संशोधन परिषद) कृषीकडे. अवकाश विभाग आणि अणुऊर्जा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत.

अवकाश मोहिमांत तारीख आणि यान एवढ्यावर थांबू नका, प्रक्षेपक लिहा. चांद्रयान-१ (२००८), मंगळयान (२०१३) आणि आदित्य-एल१ (२ सप्टेंबर २०२३) पीएसएलव्हीने गेले. चांद्रयान-३ एलव्हीएम-३ ने १४ जुलै २०२३ ला निघाले आणि २३ ऑगस्टला उतरले. पीएसएलव्हीचे चार टप्पे आलटून पालटून घन आणि द्रव इंधनाचे असतात. क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप वायू इंधन म्हणून वापरणारा) टप्पा त्यात नाही. "आदित्य सूर्याकडे गेले म्हणजे मोठाच प्रक्षेपक असणार" असा अंदाज बांधून बरेच जण चुकतात.

## टप्पा ७: विधानांचे प्रश्न

हा टप्पा तक्ते झाल्याशिवाय सुरू करू नका. आधी सुरू केला तर चुकीची विधानेच डोक्यात घर करतात.

पद्धत अशी: प्रत्येक विधानापुढे पेन्सिलने बरोबर, चूक किंवा प्रश्नचिन्ह लिहायचे आणि तोवर पर्यायांकडे पाहायचे नाही. पर्याय आधी पाहिले की मन त्यांना विधाने जुळवू लागते. विधानाची चूक बहुधा तीन ठिकाणी असते: कर्ता (राज्यपालऐवजी राष्ट्रपती), आकडा किंवा मुदत, आणि क्रियापद ("करतील" ऐवजी "करू शकतील"). या तीन शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा.

"फक्त", "केवळ", "सर्व" असले की विधान चूक, हा क्लासमधला मंत्र डोळे झाकून वापरू नका. "धनविधेयक फक्त लोकसभेतच मांडता येते" हे विधान बरोबर आहे.

विधान-कारण प्रश्नात आणखी एक पायरी लागते. उदाहरण घ्या.

विधान: ध्वनीचा वेग हवेपेक्षा पाण्यात जास्त असतो.
कारण: पाण्याची घनता हवेपेक्षा जास्त असते.

दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे खरी आहेत, आणि घाईत बहुतेक जण "कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे" असे उत्तर देतात. पण नुसती घनता वाढली तर ध्वनीचा वेग कमीच होतो. पाण्यात तो वाढतो, कारण पाणी दाबायला हवेपेक्षा कितीतरी पटींनी अवघड, म्हणजे त्याची स्थितिस्थापकता खूप जास्त. म्हणून दोन्ही बरोबर, पण कारण स्पष्टीकरण देत नाही. पायऱ्या तीन: विधान खरे का, कारण खरे का, आणि दोहोंमध्ये "म्हणून" घालून वाचले तर अर्थ लागतो का. तिसरी पायरी गाळली की दोन गुण आणि वर नकारात्मक गुणांचा अर्धा गुण गेला.

## टप्पा ८: चुकांची वही आणि उजळणी

सराव पेपर तपासल्यावर चुकलेला प्रश्न जसाच्या तसा उतरवू नका. एकच ओळ लिहा: काय समजलो आणि काय होते. "हत्तीरोग: विषाणू समजलो, कृमी." मग चुकीच्या ओळीला एक अक्षर द्या: माहिती नव्हती तर म, गल्लत झाली तर ग, प्रश्न नीट वाचला नाही तर व. पाच-सहा पेपरांनंतर अक्षरे मोजा. म जास्त असतील तर पाठ्यपुस्तकाकडे परत जा. ग जास्त असतील तर तक्ते पुन्हा कोऱ्या कागदावर काढा. व जास्त असतील तर आणखी वाचून काहीही सुधारणार नाही. वेळ लावून पेपर सोडवणे हाच उपाय.

उजळणीचे अंतर वाढवत न्या: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी, मग परीक्षेआधी. प्रत्येक वेळी वही उघडण्याआधी आठवेल तेवढे लिहून काढायचे. नुसते वाचत गेलो की सगळे येते असे वाटत राहते.

शेवटच्या पंधरा दिवसांत नवीन पुस्तक, नवीन चॅनल, नवीन नोट्स बंद.

## टप्पा ९: परीक्षागृहातले दोन तास

१०० प्रश्नांना १२० मिनिटे म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. राज्यव्यवस्था आणि विज्ञानाचे थेट प्रश्न वीस-तीस सेकंदांत होतात; वाचलेला वेळ विधानांच्या प्रश्नांना द्या. संयुक्त पूर्वपरीक्षेत १०० प्रश्नांना तासच असतो, तिथे भिंगाचे किंवा विजेचे गणित पहिल्या फेरीत सोडून पुढे जाणे शहाणपणाचे.

दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत खात्रीचे प्रश्न. दुसऱ्या फेरीत दोन पर्यायांवर अडलेले.

नकारात्मक गुणांचे गणित आधीच करून ठेवा, तिथे बसून नको. राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला २ गुण आणि चुकीला पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण वजा. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर अंदाजाने मारलेल्या प्रत्येक प्रश्नामागे सरासरी पाऊण गुण फायदा होतो. एकच पर्याय बाद झाला तर सरासरी एक तृतीयांश गुण. एकही बाद झाला नाही तर फायदा एक अष्टमांश गुणाइतका नगण्य, आणि नशीब फिरले तर मोठा फटका. केंद्रीय आयोगाच्या परीक्षेत चुकीला एक तृतीयांश कापला जातो, तिथे आंधळ्या अंदाजाची सरासरी शून्यावर येते. म्हणून नियम सोपा ठेवा: निदान एक पर्याय कारण सांगून बाद करता आला तरच गोल काळा करा. "हा वाटतोय" हे कारण नव्हे.

सावधान: बदललेले उत्तर. पहिल्या फेरीत खात्रीने दिलेले उत्तर दुसऱ्या फेरीत बदलण्याचा मोह झाला तर आधी प्रश्न पुन्हा वाचा. "अयोग्य विधान ओळखा" हे सुटले असेल तर अवश्य बदला. नवीन काही आठवले नसेल तर हात लावू नका. उत्तरपत्रिकेवरचा काळा केलेला गोल पुसता येत नाही, म्हणून शंकेच्या प्रश्नांना पहिल्या फेरीत फक्त प्रश्नपुस्तिकेत खूण करा.

गोल प्रत्येक प्रश्नानंतर लगेच किंवा दहा-दहाच्या गटाने भरा. शेवटच्या दहा मिनिटांसाठी शंभर गोल शिल्लक ठेवले की एखादा क्रमांक सरकतो आणि पुढची सगळी रांग एका घराने चुकते. प्रत्येक दहाव्या प्रश्नाला पुस्तिकेतला क्रमांक आणि उत्तरपत्रिकेतला क्रमांक जुळतो का ते बघा. संच क्रमांक आणि बैठक क्रमांक मात्र पहिल्याच मिनिटात, प्रवेशपत्र समोर ठेवून.